वरात थांबली नाही

"त्याले बाजूले घ्या. अन् बाजा बंद नका करू."

नवरदेवाचा मामा बोलला. माझा भाऊ रस्त्यावर पडला होता. ढोल गळ्यात तसाच, पट्टा मानेत रुतलेला, एक पाय अंगाखाली दुमडलेला. डोळे उघडे होते, पण तो कुणाकडं पाहत नव्हता. मे महिना. दुपारचा एक वाजला असेल. डांबर बुटाला चिकटत होतं. आम्हा सगळ्यांच्या अंगात लाल कोट, गळ्यापर्यंत बटणं, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी.

मी क्लॅरिनेट तोंडातून काढली.

"माह्या भाऊ आहे जी तो."

"असू दे न. चक्कर आली असंन. सावलीत टाका, उठते थोड्या वेळानं. मुहूर्त चुकवता काय आमचा?"

टाका म्हणाला. पोतं टाकतात तसं.

आमच्यातल्या दोघांनी भावाला काखेत धरून ओढत लिंबाखाली न्यायला घेतलं. त्याच्या बुटांच्या टाचा रस्त्यावर घासत गेल्या. ढोल मधेच पडून राहिला. नवरदेवाच्या काळा चष्मा घातलेल्या एका दोस्तानं तो उचलला, स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि बडवायला लागला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बाया हसल्या. मामानं माझ्याकडं पाहून हवेत बोट फिरवलं. वाजव.

मी वाजवलं.

हे आधी सांगून टाकलं. मागाहून सांगायची हिंमत राहिली नसती.

ती क्लॅरिनेट भावाचीच होती. आम्ही मूळचे हिंगणीकडचे. आईबाप दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायचे. मग पोट भरायला हिंगणघाटला आलो, वस्तीत एका खोलीत राहिलो. भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. बँडमधल्या एका म्हाताऱ्या मुसलमान उस्तादाकडून तो वाजवायला शिकला, आणि त्यानं मला शिकवलं. वेणा नदीच्या काठावर न्यायचा सकाळी. मी गाल फुगवले की टपली मारायचा.

"पोटातून काढ बे फुंक. गाल काय बेडकाचे आहे काय?"

लग्नसराई संपली की तो जिनिंगमध्ये कामाला जायचा. दिवसभर रुईची धूळ. नाकात, कानात, भुवयांवर पांढरं. घरी आला की खोकायचा. खूप वर्षं नुसताच खोकायचा. मग एका लग्नात, गाणं चालू असताना, त्याचा सूर मधेच तुटला. त्यानं पुन्हा फुंक घातली. पुन्हा तुटला. तिथंच उभं राहून त्यानं क्लॅरिनेट शर्टाला पुसली आणि माझ्या हातात दिली.

"घे. माह्यात आता हवा नाई राह्यली."

आणि माझ्याजवळचा ढोल घेतला. हसत घेतला. मला त्या हसण्याचा राग आला होता.

त्यानंतर आणखी वीस वर्षं आम्ही असेच फिरलो. मी पुढं, तो माझ्या मागं ढोल घेऊन. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, हैदराबादच्या रस्त्यानं पार आदिलाबादपर्यंत. टेम्पोत बाजा आधी चढायचा, मग माणसं. कुठं शाळेच्या ओसरीत झोपलो, कुठं बैलांच्या कोठ्यात. ज्या घरचं लग्न त्या घरचा मांडव आम्ही कधी समोरून पाहिला नाही. आमची जागा मागं, जिथं भांडी घासतात तिथं. वऱ्हाडी जेवले, घोडेवाला जेवला, मग कुणीतरी ओरडायचं, "बँडवाल्याईले वाढा रे, उरलं असंन तर."

सेलू तालुक्यातल्या एका गावात एकदा एका भल्या माणसानं आम्हाला पंगतीत बसवलं. पानं वाढली. भावानं वरणभात कालवला. तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आडनाव काय तुमचं?" भावानं सांगितलं. म्हातारा उठून आत गेला. मग तोच भला माणूस आला, मान खाली घालून. "तुमी थोडं तिकडं बसता काय, मोकळं आहे तिकडं." भावानं आपलं पान उचललं. कालवलेला भात सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी, जपून. आम्ही त्याच्यामागं उठलो. तिकडं म्हणजे गोठा.

मी म्हटलं, "दादा, मी नाई जेवत."

तो म्हणाला, "जेव. संध्याकाळी वाजवाचं आहे."

आमचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालला. वाजवाचं आहे. ताप असला तरी. कुणी अंगावर थुंकलं तरी. आमची आई गेली त्याच्या पाचव्या दिवशी आम्ही केळझरकडं एका लग्नात होतो आणि नाचायची गाणी वाजवत होतो.

एकच दिवस वेगळा असायचा. जयंतीचा. त्या दिवशी लाल कोट नाही. पांढरे शर्ट घालून आम्ही वस्तीतल्या विहारासमोर वाजवायचो, आमच्या माणसांसाठी. आई कापूस वेचताना गुणगुणायची ती एक चाल होती. भावानं ती फार संथ करून बसवली होती. शब्द नव्हते तिला. मी वाजवायचो आणि भाऊ ढोलावर नुसती बोटं टेकवायचा. लोक खुर्च्यांवर बसून ऐकायचे. कुणी नाचायचं नाही. म्हाताऱ्या बाया पदर डोळ्याला लावायच्या. संपलं की वस्तीतले मास्तर उठून भावाला हात जोडायचे. वर्षातला तेवढा अर्धा तास माझा भाऊ कलावंत असायचा.

आता त्या मे महिन्याचं राहिलेलं सांगतो.

लिंबापासून मांडव समोर दिसत होता. पण पोरं नाचत होती, घोडा पाऊल पाऊल सरकत होता. मी सहा गाणी वाजवली. तिसऱ्या गाण्याला मागं वळून पाहिलं. आमचा ताशावाला काका भावाजवळ बसला होता, टोपीनं वारा घालत होता. पाचव्या गाण्याला पाहिलं तर लिंबाखाली कुणीच नव्हतं. मला वाटलं, उठला. खरंच वाटलं. की वाटून घेतलं, ते आज सांगता येत नाही.

मांडवात मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. त्यावर आम्ही वाजवलं. मग मला सोडलं.

काकानं त्याला ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. मी तसाच लाल कोटात पळत गेलो. दारात नर्स उभी होती. तिनं माझ्याकडं खालून वर पाहिलं.

"नातेवाईक कोण?"

"मी. भाऊ."

"सख्खे?"

"हो."

"मग इतका वेळ कुठं होते तुम्ही?"

मी क्लॅरिनेट पाठीमागं लपवली.

भाऊ पत्र्याच्या टेबलावर होता. काकानं त्याच्या कोटाची बटणं काढली होती. आतलं बनियन घामानं चिंब. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, छाती आधीच खराब होती, अर्धा तास आधी आणलं असतं तर पाहिलं असतं. अर्धा तास म्हणजे तीन गाणी. मी तिथं उभा राहून हाच हिशेब करत होतो.

घरी नेलं. वैनी रडली नाही. त्याच्या उशाशी बसून होती. तिनं मला विचारलं, "पाणी पाजलं होतं काय कोनी त्याईले?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं कुणाला.

"हाव," मी म्हटलं. "पाजलं."

चौथ्या दिवशी मी दुसऱ्या लग्नात वाजवायला गेलो. ढोलावर नवीन माणूस होता. कोट तोच होता, भावाचा. धुऊन, इस्त्री करून.

त्या वर्षीच्या दिवाळीत माझी लेक वर्ध्याहून घरी आली. तिथं कॉलेजात शिकत होती. एका दुपारी ती मोबाईल घेऊन माझ्यासमोर बसली. त्या लग्नाचा व्हिडिओ होता. कुणीतरी टाकला होता, लोक पाहत होते, हसत होते. काळ्या चष्म्याचं ते पोरगं ढोल बडवत होतं. त्याच्यामागं, कोपऱ्यात, दोन लाल कोट तिसऱ्या लाल कोटाला ओढत नेत होते. आणि समोर मी. गाल फुगलेले. भावानं इतक्या वर्षांत फुगू दिले नाहीत ते गाल.

"हे तुमीच आहा न, बाबा?"

"हो."

"अन् हे मोठेबाबा?"

"हो."

"मंग तुमी वाजवून काऊन राह्यले?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. मी तोंड उघडलं. मुहूर्त, मामा, बँडचा मालक, हे सगळं जिभेवर आलं. त्यातलं एकही खरं कारण नव्हतं. मामाला तर बोलायची गरजही नव्हती. त्याचं बोट हवेत नुसतं फिरलं आणि माझी बोटं आपोआप भोकांवर गेली होती. मला कुणी मारलं नव्हतं, कुणी धरलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्यांनी आम्हाला भांड्यांजवळ बसवलं ते माझ्या हातात, माझ्या श्वासात शिरून बसले होते. सख्खा भाऊ पडला तरी मला त्यांचा मुहूर्त आधी दिसला.

लेक मोबाईल ठेवून आत गेली. मी त्या दुपारी पहिल्यांदा रडलो. भावासाठी रडलो, आणि माझ्या लाजेनं रडलो.

हिवाळ्यात तीच माणसं पुन्हा आली. धाकट्या मुलाचं लग्न होतं. मोठी गाडी बँडच्या दुकानासमोर थांबली. मालकानं खुर्च्या पुसल्या. मी आत क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती तासत होतो. मामा आत आला आणि त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

"हाच पायजे आपल्याले. मागच्या टाइमाले काय वाजवलं होतं बे तू! व्हिडिओ अजून पायतो आमी."

मी उठून उभा राहिलो.

"त्या व्हिडिओत माह्या भाऊ दिसते. पायला काय?"

"कोणता भाऊ?"

"ढोलवाला. रस्त्यावर पडला तो."

मामानं आठवायचा प्रयत्न केला. खोटं नाही सांगत, त्यानं मनापासून प्रयत्न केला.

"हाव हाव, चक्कर आलती त्याले. झाला न बरा?"

"मेला. त्याच दिवशी. तुमच्या अक्षता पडल्या त्याच्या आधी."

मामानं मालकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"अरे रे. सांगाचं न मंग." मग मालकाकडं वळला. "बरं, तारीख घ्या लिहून. सकाळचा मुहूर्त आहे यावेळी, ऊन नाई राहणार."

मी हातातली पत्ती खाली ठेवली.

"मी नाई वाजवत."

"काय?"

"तुमच्या दारात मी नाई वाजवत. तुमी त्याले टाका म्हटलं होतं. अन् मी ऐकलं. पुन्हा नाई ऐकत."

"माज आला काय बे? तुह्यासारखे छप्पन भेटतात."

"भेटतात. त्या छप्पन जणाईले मी घरी जाऊन सांगतो काय झालतं थे."

मालक मधे पडला. "शोक आहे जी त्याले, डोकं फिरलं त्याचं. मी समजावतो." ते गेल्यावर त्यानं मला समजावलं नाही. कोट आणि टोपी ठेवून जा म्हणाला. मी ठेवली. क्लॅरिनेट माझी होती, ती घेतली.

तिथून निघालो ते वैनीकडं. ती शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. पाण्याचं खोटं बोललो होतो. काकाला मी मागाहून विचारलं होतं. मांडवात पाणी मागायला तो दोनदा गेला, वाढपी म्हणाले आधी वऱ्हाड. पाणी मिळालं नाही.

वैनीचे हात थांबले.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "ओठ पायले होते मी त्याईचे."

इतके महिने तिला माहीत होतं. माझ्यासाठी ती गप्प राहिली होती. मला तिच्याकडं पाहवेना.

"आता कोनाले खोटं सांगजो नको," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

मी हिंगणघाटातल्या प्रत्येक बँडच्या दुकानात गेलो. काहींनी ऐकलं. एकानं चहा पाजून, असं बोलत राहिलास तर उपाशी मरशील म्हणून सांगितलं. दोघांनी त्या घरी वाजवायला नकार दिला. त्या लग्नात बाजा वाजलाच. नागपूरहून आणला त्यांनी. माझ्यामुळं त्यांचं काहीच अडलं नाही.

आता आम्ही चौघं आहोत. ताशावाला काका आणि दुसऱ्या बँडमधून निघालेले दोघं. कोट नाही. सुती शर्ट. कामं फार कमी मिळतात. सुपारी घेऊन कुणी आलं की मी त्याला खाली बसवतो आणि आधी माझी गोष्ट सांगतो. भाऊ पडला होता आणि मी वाजवत होतो, हे माझं आधी सांगतो. मग त्या लग्नघराचं. मग अट सांगतो. पंगतीत बसू. पाणी आमच्याजवळ राहील. आमच्यातला असो की तुमच्यातला, माणूस पडला की बाजा बंद, मुहूर्त गेला तरी.

बरेचजण उठून जातात. लग्नाच्या घरी असलं अशुभ काय सांगता म्हणतात. लेक म्हणते, बाबा, निदान मरणाचं तेवढं गाळत जा.

मी गाळत नाही. या लग्नसराईतही गाळणार नाही. ज्याला बाजा पाहिजे त्यानं माझा भाऊ कसा मेला हे आधी ऐकावं लागेल. पूर्ण. उभं राहून नाही, माझ्यासमोर बसून.