पुस्तकाचं सुतक

आमच्या कळंबात कंडक्टरकाकांइतकं सुतक दुसऱ्या कोणी पाळलं असेल, असं मला वाटत नाही. भावकी मोठी म्हणून नव्हे, काका चरित्रं वाचतात म्हणून. कादंबरीला ते हात लावत नाहीत. "झालंच न्हाय ते कशाला वाचायचं?" हा त्यांचा सवाल. उभी हयात एसटीत तिकिटं फाडून निवृत्त झाले, वाचनालयात आले आणि कुणा समाजसेवकाचं जाडजूड चरित्र घरी घेऊन गेले. शेवटच्या प्रकरणात ते गृहस्थ वारले. काकांनी डोक्यावरून पाणी घेतलं आणि तीन दिवस दाढी नाही, गोडधोड नाही, देवाला हात लावणं नाही. मी शाळेतली बाई, समजूत घालायला गेले तर मलाच म्हणाले, "बाई, दीड महिना माणूस घरात होता. जेवताना समोर, झोपताना उशाला. आन ते गेल्यावर आपण जिलबी खायची व्हय?"

दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या व्हरांड्यात आम्ही सात-आठ वाचक जमतो आणि एकमेकांना पुस्तकं सुचवतो. काका पुस्तक सुचवतात ते प्रवाशाला गाडीत बसवून दिल्यासारखं. "ह्यांच्यासंगं जावा. पयली साठ पानं रस्ता खराब हाय, मग डांबरी लागती." आमच्यातले अप्पा उमरग्याकडचे, इथं धान्याची आडत चालवतात. काकांचं सुतक फारच वाढलं तेव्हा त्यांनी तोड काढली. "आमच्या लिंगायतांत सुतक न्हाय. शेवटचं प्रकरण माझ्याकडं देत जावा." मग सणावाराच्या दिवसांत काका शेवटच्या प्रकरणाआधी जुनं तिकीट खूण म्हणून घालून पुस्तक अप्पांना देऊ लागले. पुढच्या रविवारी अप्पा येऊन गंभीरपणे सांगायचे, "गेले. त्रास झाला न्हाय." लांबून कळलेल्या मयताला नुसती अंघोळ पुरते. काका तेवढी करायचे.

खरी पंचाईत काकूंची होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी डाळ हातात घेऊन त्या उंबऱ्यातून विचारायच्या, "किती पानं राहिली? पुरण घालू का नको?" एकदा त्या थेट शाळेत आल्या. पदर सावरत म्हणाल्या, "बाई, ह्यांना न मरणारं पुस्तक द्या की एखादं." मी एका शिक्षिकेचं आत्मचरित्र दिलं. काकांनी ते वाचून संपवलं, मलपृष्ठ उलटून पाहिलं, कुणी मेलेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या घरून माझ्याकडे पुरणपोळ्यांचा डबा आला. "आत्मचरित्र लई चांगलं," काकू म्हणाल्या, "माणूस मरत न्हाय त्यात."

काकूंना वाचता येत नव्हतं. दुपारी त्या ज्वारी निवडत बसायच्या आणि काका मोठ्यानं वाचायचे. कितीही थोर माणूस असो, काकूंचा प्रश्न एकच. "आन त्यांच्या बायकोचं काय झालं पुढं?" काका पानं मागं-पुढं करायचे. "बायकोला दोन पानं दिल्यात." "एवढीच?" असं म्हणून त्या पुन्हा सुपात खडे शोधायला लागायच्या. हे मी स्वतः ऐकलं आहे. तेव्हा हसलेही होते, त्याचं आता वाईट वाटतं.

गेल्या थंडीत काकू आजारी पडल्या. सोलापूरच्या दवाखान्यात चार दिवस होत्या, आणि तिथंच गेल्या. तेव्हापासून काकांचं रविवारी येणं बंद झालं. दोन-अडीच महिन्यांनी आले ते एक शंभर पानी वही घेऊन.

"हिचं चरित्र लिवायला घेतलं होतं," ते म्हणाले. "पण चरित्रात शेवटी मरावं लागतंय. मग इचार केला, आत्मचरित्रच करावं."

आणि गाडीभर ऐकू जाणाऱ्या आपल्या त्या आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली. "मी ढोकीची. आमच्या घरात कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा. मी लगीन होऊन कळंबाला आले तवा भोंगा न्हाय म्हणून मला झोप लागंना." पांढऱ्या मिशांचा तो माणूस 'मी आले, मी बसले' वाचत होता आणि व्हरांड्यात कुणी हसलं नाही. अप्पा खाली मान घालून स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले.

निघताना वही त्यांनी माझ्या हातात दिली. "बाई, जलमभर आलो-गेलो म्हणलोय. कुठं तसं राहिलं असंल तर आले-गेले करा. तिच्या तोंडी माझं बोलणं नको यायला."

मी पेन्सिल घेऊन बसले. सोपं काम होतं. 'आलो'चं 'आले' करायला नुसता एक काना खोडायचा. बऱ्याच ठिकाणी खोडला. दवाखान्याचं पान सगळ्यात शेवटी होतं. "मला चार दिवस ठेवलं. ह्यांनी उशाला बसून पुस्तक वाचून दाखवलं. मला बरं वाटलं. मग मी घरी आलो. कुलूप काढलं. च्या ठेवला. दोघांचा ठेवला."

मला रडू आवरेना. एवढा एक काना काही माझ्यानं खोडवला नाही.

रविवारी वही परत केली. काकांनी विचारलं, "समद्या चुका काढल्या?"

"काढल्या," मी म्हणाले. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "काका, किती पानं राहिली?"

काकूंचा प्रश्न त्यांनी ओळखला. वहीत जुनं तिकीट घातलं आणि ती पिशवीत ठेवली.

"राहू द्या की, बाई," ते म्हणाले. "आत्मचरित्र हाय ते."