तात्यांच्या कोंबड्यांचा निवाडा

तुमच्या घरात जगावेगळ्या रंगाचं पोर जन्मलं, तर पहिलं बोट कुणाकडे दाखवाल? सुनेकडेच ना?

तीन आठवड्यांपूर्वी सणसरहून माळेगावला निघालेल्या एका गाडीवानानं बारामतीत माझ्या खोलीपुढे बैल थांबवले आणि सांगितलं, तुझा मामा गेला... तात्या हे माझे मामा. मेंढरांत वाढलेले, पुढे उसात रमलेले. काही वर्षांपूर्वी त्यांची सून पारू बाळंत झाली तेव्हा पोर दुधासारखं पांढरं, केस कापसासारखे. आईबाप मात्र चांगले सावळे. मामींनी पारूच्या चारित्र्यापर्यंत मजल नेली आणि तिला कायमचं माहेरी, इंदापूरला धाडायचं ठरवलं. गंमत अशी, की पारू मामींच्याच सख्ख्या भावाची लेक. आमच्यात मामाची पोरगी करायची रीत. मामींनीच हट्टानं ती करून आणली होती.

मी पेटलो. 'स्वराज्यातली सून' असं चार पानी पत्रक एका बैठकीत लिहिलं, त्यात पुस्तकातला वाटाण्यांच्या वंशाचा नियमही घातला. तात्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि अंड्यांच्या पाटीत अंथरलं. लोक वाटाणे खातात, बघत नाहीत, म्हणाले. मग त्यांनी जाहीर केलं, की काळी कोंबडी आणि पांढरा कोंबडा यांची नातवंडं बघितल्याशिवाय पारू कुठंही जाणार नाही.

पहिली पिल्लं झाडून काळी निघाली. मामींना जोर चढला: पांढऱ्या बापाची पोरंसुद्धा काळी, मग काळ्या बापाचं पांढरं कसं? तात्या म्हणाले, पांढरं गेलं नाही, लपलंय. त्याच भावंडांची अंडी त्यांनी उबवली. यात वर्ष गेलं. घरात कोंबडी कापायला बंदी. जावईसुद्धा वांग्याच्या भाजीवर परत गेला. शेवटी तेरा पिल्लं फुटली. तीन पांढरी.

तात्यांनी मामींना पाटीशी बसवलं. काळ्या आईबापांत पांढरं लपून राहतं आणि दोघांकडून मिळालं तरच दिसतं, हे सांगितलं. पारूला ते तिच्या बापाकडून आलं, आपल्या लेकाला तुझ्याकडून.

"म्हंजी माज्या माहेरचं?"

"व्हय. दोन्ही वाटंनं तितनंच. आता पारूला धाडायची कुठं? ती तितलीच हाय."

मामी उठल्या, पोराला उचललं आणि पारूवरच डाफरल्या, "उन्हात कशाला ठेवलंस ह्येला? डोळं दिपत्यात की त्याचं."

तात्यांच्या अंगणात त्या कोंबड्या अजून आहेत. पिल्लं फुटली की मामी आधी पांढरी मोजतात. तेव्हा वाचकहो, सुनेकडे बोट दाखवावंसं वाटलं, तर आधी सणसरला या. एक काळी कोंबडी आणि एक पांढरा कोंबडा घेऊन जा. मामी स्वतःच्या हातानं देतील. दोन पिढ्या उबवा, आणि तोवर तोंड बंद ठेवा.