उपसरपंचाचा पाय

वाटूर फाट्यावरचा बद्रीनाथ मिस्तरी सत्त्याण्णव साली ग्रामपंचायतीत निवडून येऊन उपसरपंच झाला, आणि त्याच दिवशी फाट्यावरच्या समस्त जीपगाड्या पोरक्या झाल्या.

उपसरपंच म्हणजे काय, तर सरपंच आजारी पडला की सभेत मधल्या खुर्चीवर बसणारा माणूस. आमचा सरपंच पैलवान गडी. त्याला कधी साधं पडसंही झालं नाही. पण बद्रीनाथनं त्या आशेवर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे शिवून घेतले आणि ते रोज अंगात घालून गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसू लागला. पांढऱ्या कपड्यांनी गाडीखाली कसं जायचं, हा प्रश्न त्यानं मोठ्या अकलेनं सोडवला. गाडीखाली गिऱ्हाइकानं जायचं. बद्रीनाथ वरून सल्ला देणार.

पूर्वी हा माणूस बरा मिस्तरी होता. हे मी नाइलाजानं लिहितो आहे.

त्या वर्षी रामनवमीच्या सकाळी, फाट्यावर भाड्यानं गाडी चालवणाऱ्या महेबूबची जीप त्याच्या दारात उभी राहिली. आदल्या दिवशी मागच्या चाकाचे वाशर बदलताना ब्रेकच्या नळीत हवा शिरली होती. नळीत हवा असली की पायडल पोकळ होतं. पाय पार तळाला जातो आणि गाडी आपली पुढंच जाते. गाडीत मागच्या बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन साळूबाई बसली होती. ही बद्रीनाथची थोरली बहीण, आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आता नुसता उजेड-अंधार कळायचा. जालन्याला डोळ्यांचं शिबिर होतं. दुपारी चारपर्यंत जो पोचेल त्याचं ऑपरेशन, बाकीच्यांनी दिवाळीनंतर यायचं. आणि दिवाळीपर्यंत थांबलात तर डोळ्याची खात्री नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं. फाट्यावरच्या बाकीच्या सगळ्या जीपा जांब समर्थच्या जत्रेला गेलेल्या. एस.टी.त तर दारालाही माणसं लटकलेली.

ब्रेकमधली हवा काढायला दोघं लागतात. एकानं वर बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, पान्यानं सैल करायचं. तेलाबरोबर हवा बाहेर पडते. निपल पुन्हा आवळलं की मगच पाय उचलायचा. पायडल दाबून धरणं हे शेळीलाही जमेल असं काम बद्रीनाथनं स्वतःकडं घेतलं. महेबूब खाली शिरला.

"साहेब, दाबून धरा."

"धरलंय. तू बराबर काम कर."

महेबूबनं पाना फिरवला. तेवढ्यात रस्त्यानं जत्रेचा ट्रॅक्टर निघाला आणि त्यावरून कुणीतरी ओरडलं, "राम राम, उपसरपंच!"

बद्रीनाथ दोन्ही हात जोडून अर्धा उठला. पाय पायडलवरून सुटला आणि उघड्या निपलानं फुस्स करून हवा आत ओढून घेतली.

खाली दुसरा कुणी असता तर आई-बहिणीवरून सुरुवात झाली असती. पण महेबूब पडला सभ्य माणूस. त्यात उपसरपंचाला बोलायचं. तो म्हणाला, "साहेब, गुस्सा करू नका, पण माझं काय म्हणणं हाय, की आपला पाय जरा..." एवढं होईस्तोवर दुसरा ट्रॅक्टर आला. राम राम. फुस्स.

रामनवमीचा दिवस. अख्खा तालुका त्या रस्त्यानं चाललेला.

"वाशर डुप्लिकेट हायेत," बद्रीनाथनं निदान केलं. महेबूबनं वाशर पुन्हा बदलले. राम राम. फुस्स. "निपल गेलंय." निपल बदललं. राम राम. फुस्स. "तेलच पातळ हाय. आजकाल कंपन्या बिलकुल बेइमान झाल्यात." ऊन डोक्यावर आलं. महेबूबच्या दाढीतून ब्रेक ऑइल गळू लागलं. बद्रीनाथ मात्र घामानं कॉलर मळू नये म्हणून मानेला रुमाल लावून बसला होता.

"बद्र्या!"

साळूबाईनं मागच्या बाकावरून हाक मारली आणि अख्ख्या फाट्यानं वळून पाहिलं. उपसरपंच झाल्यापासून त्याला या नावानं हाक मारायची कुणाची छाती नव्हती.

"तू राम राम केलास की खाली फुस्स होतंय. मघापासून ऐकून राह्यले मी."

"आक्का, तुला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं न्हाई कळत. तुझ्यातलं कळतं. लहानपणी ढोरं राखायला बसवलं तरी वाटंनं कुणी गेलं की ढोरं सोडून त्याच्यामागं जायचास. ऊठ तिथून. मी दाबते पायडल. तू जा खाली."

"आक्का, कपडे पांढरे हायेत."

"आसतील. मला दिसत न्हाईत."

बद्रीनाथ खाली शिरला. महेबूबनं साळूबाईचा हात धरून तिला पुढच्या सीटवर बसवलं, तिचा पाय पायडलवर ठेवला आणि तो तेलाची बाटली घेऊन बॉनेटपाशी उभा राहिला.

"आक्का, दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धरलंय. पाना फिरव, भाषण नको."

"राम राम, उपसरपंच!" ट्रॅक्टरवरून हाक आली.

"जा मुकाट्यानं!" साळूबाई ओरडली. "उपसरपंच गाडीखाली हाय!" पाय तिनं तसूभर हलू दिला नाही.

चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा निघाली. साळूबाई म्हणाली, "आता दगडावानी लागतंय." जीप चारच्या आत जालन्याला पोचली. मागं फाट्यावर बद्रीनाथ काळ्या पाठीनं उभा होता आणि जमलेल्या लोकांना सांगत होता, की दोष आपण सकाळीच ओळखला होता.

पट्टी सुटली त्या दिवशी बहिणीला आणायला तो महेबूबच्याच जीपमधून गेला, नव्या पांढऱ्या कपड्यांत. साळूबाईनं त्याला वरून खाली आणि खालून वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि मग दुसरंच काहीतरी.

"बद्र्या, केवढं पोट सुटलंय रं तुझं! अन् हे काय घातलंस?"

"उपसरपंच हाय ना मी, आक्का."

"सरपंच आजारी हाय का?"

"न्हाई."

"मंग काढ ते. येताना त्या गाडीच्या पुढच्या चाकात खडखड व्हत व्हती. बघ जरा खाली शिरून."

दवाखान्याच्या आवारात उपसरपंच मुकाट्यानं सदऱ्याच्या गुंड्या सोडू लागला. महेबूब मात्र सवयीनं आधीच गाडीखाली शिरला होता.