आधी त्याची बाजू

गुन्हेगाराचं नाव पुढच्या पानावर येणार असं दिसलं की दरोगाकाका पुस्तकात बोट घालून ते मिटत आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघत. "बोला. कोण?"

भरवेलीच्या रस्त्याला सुरेशचं सायकल-दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानापुढे दोन बाकं. खाणीची पाळी सुटली की कामगार तिथं टेकत, चहा मागवत, आणि काका हिंदी जासूसी कादंबरी मोठ्यानं वाचत. एके काळी ते पोलिसात तपासाचं काम करत, म्हणून सगळे त्यांना दरोगा म्हणत. नोकरी मुदतीआधी का सोडली, ते कुणाला माहीत नव्हतं आणि विचारायची हिंमतही नव्हती.

नाव घेण्याची त्यांची एक रीत होती. ज्याला गुन्हेगार म्हणायचं, आधी त्याच्या बाजूनं बोलायचं. तो तिथं का होता, त्यानं हे का केलं नसेल, ते सगळं आपणच सांगायचं, आणि मगच नाव घ्यायचं. सुरेशला एवढा धीर नसे. टायरमध्ये हात अडकलेला असतानाच तो ओरडे, "नोकरच आहे, दरोगाजी! डाउट नाही!"

"हौ. पण तू आधी नोकर हो. सांग, चाकू काहून धुत होता?"

"मी... कांदे कापले होते, मालक."

बाकावरचे हसून लोळायचे. नाव मात्र बहुतेक वेळा चुकलेलंच असे.

आमच्या घरात कादंबऱ्या नव्हत्या, पत्रकं होती. कामगारांच्या हक्कांची, जयंतीची, पोलिस थाण्यातल्या मारहाणीच्या निषेधाची. बाबा ती छापून आणत, मी घडी घालून वाटत असे. त्यामुळे काकांच्या पुस्तकांचा मला राग यायचा. प्रत्येकाचा नायक एकच: नोकरी गेलेला जासूस, दारू पिणारा, बायको सोडून गेलेली, तरी अन्याय दिसला की उठणारा. लोक त्याच्यावर जीव टाकत. एकदा मी म्हणाले, "काका, या जासूसाच्या चुकीचा त्रास त्याला एकट्यालाच कसा होतो? दुसऱ्या कुणाला मार बसतच नाही!"

काकांनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी त्यांनी कोण म्हणून विचारलं नाही.

मग ती दुपार आली. सुरेशचा पाच वर्षांचा गोलू कुठंच सापडेना. सकाळी तो छत्र्या-चपला दुरुस्त करणाऱ्या एका फिरस्त्याजवळ उभा होता, एवढं दोघांनी पाहिलं होतं. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा आठवडाभर फोनवर फिरतच होती. लोकांनी त्या म्हाताऱ्याला नाक्यावर धरलं, पिशवी उलटी केली आणि तिच्यातून गोलूची चप्पल पडली. मारत, ओढतच त्याला दुकानापुढे आणलं. मी मध्ये पडले, तर कुणीतरी मला ढकलून दिलं. म्हातारा काहीतरी सांगत होता, पण त्या गलक्यात त्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार?

एका हातात गोलूची चप्पल धरून सुरेशनं सायकलची चेन काकांच्या हातात कोंबली. "तुमी थाण्यात भल्याभल्याले बोलतं करत होते. याले करा! माहा गोलू कुठी आहे, विचारा!"

काकांनी चेन मुठीत धरली. मला त्यांचा चेहरा नाही, ती मूठच दिसत होती. अशी चेन कशी धरायची ते त्या हाताला ठाऊक होतं.

"सुरेश," ते म्हणाले, "आधी याच्या बाजूनं बोल."

"माह्या पोराचा जीव जाऊन राह्यला न् तुमाले खेळ सुचून राह्यला?"

"उकवा गावच्या एका माणसाले मी असंच बोलतं केलतं. त्याच्याजवळ चोरीचं घड्याळ सापडलतं. मी पिऊन होतो. त्यानं कबूल केलं. मंग समजलं, घड्याळ त्याचंच होतं. उजवा हात गेला त्याचा, सुरेश. मी मोडला." त्यांनी चेन पंक्चर बघायच्या पाण्याच्या घमेल्यात टाकली. "आता बोल. तू चपला शिवणारा आहेस."

गर्दी थोडी मागे सरली. सुरेश म्हणाला, "मी... चपला शिवतो. पोरगा आला..." बोलता बोलता त्यानं हातातली चप्पल उलटी केली. अंगठ्याला नवा, पांढरा दोरा होता.

म्हातारा खालूनच म्हणाला, "बच्चे ने ही दी थी, भैया. बोला, सिल के रखो, मैं मौसी के पीछे जाता हूँ."

गोलूची मावशी सकाळच्या बैहरच्या बसनं गेली होती. फोन लावले. तिला काहीच माहीत नव्हतं, पण बैहरला उभ्या असलेल्या त्याच बसच्या मागच्या सीटवर कंडक्टरला एकच चप्पल घालून झोपलेला गोलू सापडला. सुरेशनं म्हाताऱ्यापुढे पाण्याचा लोटा धरला. तो प्यायला नाही. सामान गोळा करून चालता झाला.

दुसऱ्या दिवशी काकांच्या बाकावर कुणी बसलं नाही. मीही नाही. समोर उभी राहून म्हणाले, "उकव्याच्या माणसाचं पत्रक मी काढणार आहे."

"काढ. माहं नाव पुरं लिही. पण रीत पाळ."

"सांगा मग तुमची बाजू."

"दारू. वरून साहेबाची घाई. बस." मग म्हणाले, "तू त्या दिवशी बरोबर बोलली होतीस, पोरी. पुस्तकातल्या जासूसाची चूक त्याच्यापाशीच राह्यते. म्हणून तर मले ते आवडते. अशी चूक कोणाले नाही पाहिजे?"

पत्रकाचा मजकूर मी त्यांना दाखवला. त्यांनी फक्त एका शब्दावर बोट ठेवलं. "उपनिरीक्षकाच्या आधी माजी काहून लिहिलं? हात मोडला तवा मी माजी नव्हतो. काढ ते."

छापलेली पहिली प्रत घेऊन ते उकव्याच्या बसला उभे राहिले. उकव्याला त्या माणसाचे भाऊ होते, मोठी झालेली मुलं होती. मला भीती वाटली. "एकटे नका जाऊ, काका."

"तो बी थाण्यात एकटाच होता."

संध्याकाळच्या बसनं ते परतले. मी स्टँडवरच होते. "त्यानं सगळं ऐकलं," ते म्हणाले. "मंग दार लावलं." एवढंच. त्यानंतर त्यांनी मोठ्यानं वाचन केलं नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेले, तेव्हा खांदा द्यायला सुरेश होता, मी आणि बाबा होतो, आणि बाकावरचे फक्त तिघे आले होते.

मी अजून पत्रकं लिहिते. ज्याचं नाव घ्यायचं त्याची बाजू आधी वेगळ्या कागदावर उतरवते. कधी कधी त्यामुळे पत्रक निघतच नाही. निघतं, तेव्हा त्यातला एक शब्दही मागे घ्यावा लागत नाही. आणि माजी हा शब्द मी त्यात कुणालाच लावत नाही.