कंबरेतली तार आणि तापलेलं इंजिन

एसटीत कंडक्टर व्हायचं तर बाईला तोंड तिखट लागतं आणि पाय मजबूत लागतात. आणखी एक गोष्ट लागते, ती भरतीच्या वेळी कुणी विचारत नाही. मूत्राशय. हिंगोली सोडली की कळमनुरी, बाळापूर, वारंगा फाटा, डोंगरकडा करत नांदेडपर्यंत गाडी जाते, आणि एवढ्या वाटेत बाईमाणसानं कुठं मोकळं व्हावं याचा विचार रस्ता आखणाऱ्यानं केलेला नाही. पुरुषांना काय, विजेचा खांबही पुरतो. रस्ता चौपदरी झाला तेव्हा कडेची झाडं गेली आणि होता तो आडोसाही गेला. कागदावर याला लघवी म्हणतात. आमच्याकडं मुतणं म्हणतात, आणि ते महाराजांपासून मंत्र्यांपर्यंत कुणाला चुकलेलं नाही, म्हणून मी इथं फारसं सोवळं पाळणार नाही.

पंचेचाळिशी ओलांडली आणि माझं बिनसलं. लागली म्हणजे लागलीच, मधे सवड नाही. नळाचा आवाज आला की लागायची, घराच्या कुलपात किल्ली घातली की लागायची. आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "पाणी कमी पेत जा." शिरड शहापूरला आमची हळद आहे, आणि पाणी कधी तोडायचं, कधी सोडायचं यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. त्यांचं ऐकून मी उन्हाळाभर दोन घोटांवर राहिले. हळद बरी आली, मला मात्र जळजळ सुरू झाली.

मला तारलं ते आमच्या ड्रायव्हरनं. माणूस इतका अबोल की बरोबर काम करताना त्याचा आवाज मला सठीसहामाशी ऐकू यायचा. एक दिवस डोंगरकड्याच्या अलीकडे, केळीची बाग लागते तिथं, मी एक घंटी मारली. आमच्यात एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. तिथं थांबा नव्हता, की हात करणारं माणूस नव्हतं. त्यानं आरशातून माझं तोंड पाहिलं, गाडी कडेला घेतली आणि पाण्याची बाटली घेऊन खाली उतरता उतरता मोठ्यानं म्हणाला, "इंजिन तापलं. पाच मिन्टं."

मी केळीत शिरले. बाहेर येते तर गाडीतल्या निम्म्या बाया खाली उतरून पांगलेल्या. कुणी कुणाशी बोललं नाही. त्यानंतर आमचं इंजिन त्याच जागी रोज तापायला लागलं, हिवाळ्यातसुद्धा. पुरुष मंडळी खिडकीतून म्हणायची, "ह्या गाडीचं काही खरं न्हाई." बाया गप्प बसायच्या आणि उतरायच्या. मला वाटायचं, माझी लाज झाकायला म्हणून सोबत येतात. बायांचा जीव असतो एकमेकींवर, असं मी मालकांना कौतुकानं सांगतही असे.

पण इंजिन कितीदा तापणार? एकदा बाळापूरच्या बाजारामुळे गाडी अशी भरली की दारापर्यंत जाणंच झालं नाही, आणि उभ्या उभ्याच व्हायचं ते झालं. खाकीवर ओलं लपत नाही. मी शेजारच्या म्हाताऱ्यावर खेकसले, "बाटलीचं बूच लावता येत न्हाई का?" त्याच्याजवळ बाटली नव्हती. तरीसुद्धा त्यानं माफी मागितली. घरी जाऊन मी पोटभर रडले.

आगारातले साहेब भले गृहस्थ. माझ्या रजा बघून त्यांनी स्वतःहून विचारलं, "मॅडम, टेबलावर बसता का?" टेबल म्हणजे पंखा, खुर्ची आणि दहा पावलांवर संडास. दुसरी कुणी असती तर पेढे वाटले असते. मला ते नको होतं. घरात माझं ऐकत कोण होतं? गाडीत मात्र मी म्हणेन ती पूर्व दिशा. दारुड्याला कॉलर धरून उतरवणारी मी, सरपंचाला पुढं सरका म्हणणारी मी. टेबलावर बसले असते तर महिन्याभरात माझी लोणच्याची फोड झाली असती. साहेबांना म्हटलं, एकदा दवाखाना करून पाहते, नाही जमलं तर बसते टेबलावर.

नांदेडच्या डॉक्टरांनी व्यायाम दिले, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तोंड कोरडं पडलं, जे कोरडं राहायला हवं होतं ते नाही. मग त्यांनी संभाजीनगरला पाठवलं. तिथले डॉक्टर तरुण, पुण्याकडचे, मऊ बोलणारे. त्यांनी समजावलं की माकडहाडाच्या वरच्या हाडाला भोकं असतात, त्यातून मूत्राशयाच्या शिरा जातात. तिथं शिरेलगत एक बारीक तार ठेवायची आणि तिच्यातून हलका करंट सोडायचा, म्हणजे मूत्राशयाची उगाचची घाई थांबते. आधी आठवडाभर नुसती चाचणी, तार आत आणि डबी बाहेर पट्ट्याला. गुण आला तर पक्की तार, आणि कमरेखाली कातडीच्या आत छोटी बॅटरी.

मालक म्हणाले, "करंट? आपल्याकडं लाईट आठ तास असती. बाकीच्या टायमाला काय करावं हिनं?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांना वाटलं, प्रश्न खरा आहे. तो खराच होता. "बॅटरीवर चालतं, काका," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून त्यांनी एक गोष्ट बजावली. तार बसवताना तुम्ही जाग्या असाल. पायाचा अंगठा हलला की ते आम्हाला दिसेल. पण झिणझिण्या नेमक्या कुठे येतात हे तुम्हीच सांगायचं. मागच्या आणि पुढच्या जागेच्या मधोमध आल्या पाहिजेत. पायात नको, कुल्ल्यात नको. मी मान डोलावली. जिचं तोंड सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे तिला सांगायला काय अवघड?

प्रत्यक्षात पालथी पडले, पाठीमागून गाऊन उघडा, आणि खोलीत तीन पुरुष. एक डॉक्टर, एक एक्स-रेवाला, एक यंत्राचं बटण धरलेला. डॉक्टर म्हणाले, "काकू, आता करंट सोडतोय. कुठं जाणवतंय?"

झिणझिण्या कुल्ल्यात सुरू झाल्या आणि मांडीवरून खाली तळपायाला गेल्या.

"बराबर हाय," मी उशीत तोंड खुपसून म्हणाले.

"पुढे जाणवतंय की मागे?"

"बराबर."

"पायात तर नाही ना?"

"बराबर हाय म्हनलं ना, डाक्टर."

आमच्याकडं बाईला असंच शिकवलेलं असतं. परक्या पुरुषानं त्या जागेबद्दल विचारलं तर उत्तर एकच, सगळं बरोबर आहे. लहानपणी पाळीच्या दिवसांत शिकवलं, बाळंतपणात शिकवलं, ते पालथं पाडल्यावर विसरेल कसं? अंगठा हलला होता, फोटोत तार भोकात दिसत होती, आणि वर मी बराबर म्हणाले. साक्षी पुऱ्या झाल्या. डॉक्टरांनी पट्टी चिकटवून घरी पाठवलं.

तो आठवडा माझा तळपाय मागच्या चाकावरच्या सीटवर बसल्यासारखा थरथरत होता. मूत्राशयाला मात्र काहीच कळवलेलं नसावं, ते आपलं जुन्या वेळापत्रकानं चालू होतं. डॉक्टरांनी तार काढली, विचार केला आणि सांगितलं, "एकदा पक्क्या तारेनं चाचणी करून बघू, डबी तूर्त बाहेरच, थोडी गुंगी देऊन. या वेळीही फरक पडला नाही, तर मग हा रस्ता तुमच्यासाठी नाही." मालक बाहेर येऊन म्हणाले, "टेबल काही वाईट नसतं." मला इतका राग आला की चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या खेपेला आदल्या दिवशी भरती केलं. सिस्टर कळमनुरीकडची निघाली. गाव निघालं, मग माहेर निघालं, तेव्हा तिनं सुई लावता लावता विचारलं, "मावशी, मागच्या बारीला तुमाला नेमकं कुठं जाणवलं व्हतं?"

"तिकडं," मी म्हटलं.

"तिकडं म्हंजी कुठं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. तिलाही सांगवेना. बाई असूनही सांगवेना. मग माझ्या तोंडून आपल्याआप निघालं, "हे बघ, कंबर म्हंजी हिंगोली समज. गाडी जायाला पायजे व्हती डोंगरकड्याला. गेली सेनगाव करून साखऱ्याला."

सेनगाव हिंगोलीच्या अगदी दुसऱ्या अंगाला. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तोंडाला पदर नव्हता म्हणून रुमाल लावून हसली. हसून झाल्यावर तिनंच विचारलं, "मग कुल्ले म्हंजी कळमनुरी का?"

"कळमनुरी. बाळापूर म्हंजी मागची जागा. मांड्या फुटत्यात तिथला वारंगा फाटा तर तू वळखलाच असन."

"वळखला," ती म्हणाली. "मी उद्या डुटी बदलून घेते."

सकाळी पुन्हा पालथी. गुंगी होती, पण बोलता येईल इतकीच. पुरुष तेच तीन, पण डोक्याशी सिस्टर उभी. करंट आला.

"काकू, कुठं जाणवतंय?"

"गाडी सेनगावला लागली."

मला डॉक्टरांचं तोंड दिसत नव्हतं, पण गुंगी जास्त झाली असं त्यांना वाटलं असणार.

"मांडीत, सर," सिस्टर म्हणाली.

तार काढली, पुन्हा घातली. "आता?"

"कळमनुरी. स्टँडातच हुभी हाय."

"कुल्ल्यात, सर. अजून पुढं पाहिजे."

पुन्हा एकदा. तारेला चार टोकं असतात, एकेक लावून बघतात. डॉक्टरांना लय सापडली असावी, कारण आता ते कुठं जाणवतंय असं न विचारता विचारायला लागले, "काकू, गाडी कुठं आली?"

"बाळापूर."

"आणि आता?"

"फाट्याकडं निघाली. हळू घ्या."

आणि मग ते झालं. आतून कुणीतरी हलक्या हातानं टिचक्या मारतंय असं, अगदी सांगितलेल्या जागी, ना मागं ना पुढं. बोलायचंसुद्धा सुचलं नाही. हात डोक्याशी होता, बोटाचं पेर मी टेबलाच्या पोलादावर एकदा आपटलं. एक घंटी.

"डोंगरकडा?" डॉक्टरांनी विचारलं. पुण्याच्या माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकून मला भरून आलं.

"व्हय. हितंच उतरायचंय."

या दुसऱ्या चाचणीच्या आठवड्यात एकदा मी मोरीत नळ सोडून मुद्दाम उभी राहिले. नळ वाहत राहिला, मी नाही. मालक दारातून म्हणाले, "पाणी चाललं वाया." जाऊ दे म्हटलं, आज जाऊ दे. पुढं बॅटरी बसली, टाके निघाले, वाकू नका उचलू नका हे पथ्य संपलं, आणि मी साहेबांना सांगून टाकलं की टेबल दुसऱ्या कुणाला द्या.

गाडीवरचा पहिला दिवस. कळमनुरी गेली, बाळापूर गेलं, फाटा गेला आणि मी तिकिटं फाडत होते, म्हणजे मशीनवर काढत होते. केळीची बाग आली तसं ड्रायव्हरनं सवयीनं गाडी हळू केली आणि आरशात पाहिलं. मी मान हलवली आणि दोन घंट्या मारल्या. त्या दोन घंट्यांचा मला इतका गर्व झाला की डोंगरकड्याला एका फुकट्या पोराला मी नुसतं दटावून सोडलं. मग रोज दोन घंट्या. गाडी वेळेवर पोचायला लागली. पुरुष म्हणाले, इंजिन बदललं वाटतं.

काही दिवसांनी एक म्हातारी, आमची रोजचीच, नांदेडला भाजी नेणारी, तिनं फाटा गेल्यावर माझी बाही धरली. आवाज एवढा खाली की मला वाकावं लागलं.

"बाई, तुमी बऱ्या झाल्या, लई चांगलं झालं. पर गाडी आता थांबत न्हाई. आमी काय करावं?"

मी मान वर केली. खिडक्यांना लागून बाया बसल्या होत्या, पाय आवळून, पिशव्या मांडीवर दाबून, आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. माझी लाज झाकायला उतरतात म्हणे. कशाचं काय, त्या माझ्या घंटीची वाट बघत होत्या. त्यांना कुणी विचारलं असतं तर त्याही बराबर हाय म्हणाल्या असत्या. मला राग आला, आणि या वेळी तो कुणावर काढावा ते कळेना.

बाग दिसायला लागली होती. मी एक घंटी मारली.

ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली आणि मागं वळून पहिल्यांदाच मला स्वतःहून काही विचारलं, "काहून? तुमी तर बऱ्या झाल्या ना?"

"मी झाले," मी म्हटलं. "इंजिन तापलंय."

त्यानं बाटली उचलली आणि उतरला. मागोमाग बाया उतरल्या, म्हातारी सगळ्यात पुढं. मी गेले नाही. मी दारात उभी राहिले, पुरुषांकडं तोंड करून, आणि बाया परत येईपर्यंत एकालाही त्या बाजूच्या खिडकीकडे मान वळवू दिली नाही.