वाजवलंच नव्हतं म्हणे

दुकानात तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगांचं काम करते म्हणून नव्हे, एका जागी टिकत नाही म्हणून. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. मशीनवर काच फिरत असली की खाली हिचा पाय ताल धरायचा, आणि तो ताल नेहमी एकाच बँडचा. शाळेत असल्यापासून ती त्या चौघांच्या मागे वेडी होती. लग्नाआधी नवऱ्याला तिने बजावलं होतं, "मान डोलावली नाहीस तरी चालेल, पण त्यांची गाणी लागल्यावर नाक मुरडायचं नाही."

त्यातही सायकलचं गाणं म्हणजे तिचा जीव की प्राण. सुरुवातीला सायकलची घंटी वाजते म्हणून हे नाव तिनेच ठेवलेलं. बँडने ते स्टेजवर वाजवणं कधीचंच सोडून दिलं होतं. तरी बँड गावात येणार म्हटल्यावर भिंगरीला वाटत होतं, या वेळी वाजवतीलच.

कार्यक्रमाच्या दिवशी ती नवी चप्पल घालून दारात उभी होती, आणि नवरा पोट धरून खाली बसला. अपेंडिक्स. भिंगरीने शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या धाकट्या बहिणीला बोलावून तिकीट तिच्या हातात कोंबलं आणि स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये चढली. धाकटी बालवाडीत शिकवायची. गाण्याबिण्याशी तिचा संबंध बडबडगीतांपुरता.

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात आली तेव्हा ऑपरेशन नीट पार पडलं होतं. बाकावर ताटकळलेल्या भिंगरीने पहिला प्रश्न टाकला, "सायकल वाजवलं?"

"नाही गं ताई," धाकटी म्हणाली. "ते सोडून सगळं वाजवलं."

भिंगरीने सुस्कारा सोडला. चला, अगदीच सगळं हुकलं नाही.

पुढे काही महिन्यांनी त्या चौघांचं आपसात फाटलं आणि बँड मोडला. भिंगरीने दोन घास कमी खाल्ले, दुकानात एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली, आणि मग निमूटपणे कामाला लागली. तेवढ्यात बातमी आली, त्याच कार्यक्रमाचा व्हिडिओ निघाला. कोणती गाणी आहेत हे तिने मुद्दाम वाचलं नाही.

सुट्टीच्या दुपारी तिने पडदे ओढले, टीव्हीसमोर खुर्च्या मांडल्या आणि धाकटीला बोलावून घेतलं. "तू होतीस तिथे. कुठे उभी होतीस ते मला दाखव."

व्हिडिओ सुरू झाला आणि भिंगरीला बसवेना. पहिल्या गाण्याला ती आवाज वाढवायला उठली, दुसऱ्याला पडद्याची फट बुजवायला. मग वाळलेले कपडे मांडीवर घेऊन घड्या घालू लागली, एकच टॉवेल पुन्हा पुन्हा. अंगात गाणं शिरत होतं आणि बाहेर पडायला वाट सापडत नव्हती. "बघ, बघ, आता तो ड्रमची काठी उडवणार!" तिने सांगायचा अवकाश, ड्रमवाल्याने काठी उडवली.

पण धाकटीचीही चुळबुळ चालली होती. रिमोट तिने आपल्या मांडीखाली सरकवला होता.

"ताई, चहा करू?"

"नको."

"डोळे दुखतील गं. उरलेलं उद्या बघू."

"दिवसभर काचा तपासते मी. माझे डोळे दुखत नाहीत. तुला झालंय काय?"

धाकटीने रिमोट मांडीखाली आणखी आत ढकलला. पडद्यावर चौघांनी वाकून निरोप घेतला, दिवे गेले. भिंगरी पाणी प्यायला उठली आणि अर्ध्या वाटेत थबकली. अंधाऱ्या स्टेजवरून सायकलची घंटी वाजली.

मैदानभर लोक ओरडले. गायकाने पहिली ओळ म्हटली आणि पुढचं सगळं गर्दीच गायली. भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. गाणं संपल्यावर तिने मागे न वळता विचारलं, "वाजवलंच नव्हतं म्हणे?"

"ताई, तू त्या बाकावर बसली होतीस. तुझं तोंड बघून काय सांगणार होते मी?"

"खरं सांगायचं. मी काय तुझ्या बालवाडीतलं पोर आहे?"

"वाटलं, पुढच्या वर्षी ते परत येतील, तू ऐकशील, मग सांगेन. तर त्यांनी बँडच मोडून ठेवला. मग कोणत्या तोंडाने सांगू?"

भिंगरी तरातरा गॅलरीत गेली. रेलिंग पुसलं, कुंडी उगाच डावीकडून उजवीकडे सरकवली, परत जागेवर ठेवली. गाणं हुकलं याहून, आपल्याला जपलं गेलं, आपली कीव केली गेली, हे तिला जास्त झोंबत होतं. मग ती आत आली.

"तू गायलीस?"

"मला शब्द कुठे येतात?" धाकटी म्हणाली. "सगळे गात होते. मी नुसती रडत होते. म्हटलं, इथे चुकीची बहीण उभी आहे."

भिंगरीने आपली खुर्ची बाजूला सारली. मग म्हणाली, "ऊठ. रिमोट दे. शब्द शिकवते."

घंटी पुन्हा वाजली. दुसऱ्या कडव्यात खुद्द भिंगरीच अडखळली आणि वैतागली. इतका वेळ आतल्या खोलीत पडून असलेला नवरा पोटावर हात ठेवून दारात आला. "दोष माझ्या आतड्याचा आहे," तो म्हणाला, आणि भसाड्या आवाजात सामील झाला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला काठी ठोकली. कोणीच आवाज कमी केला नाही.

राग मात्र एका दुपारीत गेला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस, धाकटीने फोनवर काही सांगितलं की भिंगरी मशीन थांबवून विचारायची, "खरंच ना? की म्हणे?" धाकटी निमूट ऐकून घ्यायची, आणि मग दोघी मूळ विषयावर यायच्या.