माझ्या भावाची तीन पेटंटं

माझ्या भावाच्या नावावर तीन पेटंटं आहेत. एक घरात वापरायच्या यंत्राचं, एक घाण पाणी साफ करायच्या साधनाचं आणि एक औषध घ्यायच्या उपकरणाचं. भिवंडीत तीन पेटंटं असलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. या तिन्हींपैकी एकही वस्तू आज कुठे वापरात नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच वाट पाहायला नको.

मी सरकारी दवाखान्यात नर्स. भाऊ माझ्याहून लहान, आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिक्षक. गाव आमचं दिघाशी, पण वडील लवकर गेले आणि आई आम्हा दोघांना घेऊन भिवंडीच्या निजामपुऱ्यात भाड्याच्या खोलीत राहायला आली. ती घरीच कांड्या भरायची. लूमवर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची जी बारीक गुंडाळी बसते ती कांडी. खोलीच्या कोपऱ्यात मोटरवर चालणारं छोटं मशीन, त्यावर वाकलेली आई, आणि हवेत रुईची धूळ. भाताच्या पातेल्यावर रुई, बाबासाहेबांच्या फोटोवर रुई, आमच्या भुवयांवर रुई. बाजूच्या शेडमधले लूम सुरू असले की आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलायचो. अजूनही माझा आवाज मोठा आहे; वॉर्डात नवीन आलेल्यांना वाटतं, सिस्टर रागावल्या.

मी नोकरीला लागले, मग भाऊ लागला, तोवर आईचा खोकला घरातल्या माणसासारखा झाला होता. शुक्रवारी लूम बंद, त्या दिवशी तिला जरा बरं वाटायचं. शनिवारी मशीन सुरू केलं की छाती आवळून यायची. कोणी टीबीचं औषध दिलं, कोणी दम्याचं. शेवटी मी तिला मुंबईला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शनिवारचं ऐकलं आणि मान हलवली.

"हा टीबी नाही. कापसाची धूळ आहे ही. मावशी, हे काम सोडा."

आई बाहेर आल्यावर म्हणाली, "सोडून काय करू? दोघं पोरं ड्युटीवर, मी भिंतीकडं बघत बसू? मला न्हाय जमायचं."

आम्ही दोघांनी खूप समजावलं. मी रडले, भाऊ चिडला. तिने मशीन बंद केलं नाही. तेव्हा भावाने ठरवलं, काम सुटत नसेल तर धूळ धरायची.

जुन्या कूलरचा पंखा, पत्र्याची पेटी आणि आत हळूहळू फिरणारा ओला पट्टा. पेटी कांडीच्या मशीनखाली बसायची, उडणारी रुई आत ओढायची, आणि ती ओल्या पट्ट्यावर चिकटून जाड थर व्हायची. संध्याकाळी तो थर घोंगडीच्या तुकड्यासारखा सोलून काढता यायचा. पहिल्या दिवशी आईने तो तुकडा हातात धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"हे सगळं माझ्या पोटात जात व्हतं?"

"पोटात नाही आई, छातीत."

"तेच ते," ती म्हणाली.

त्या थंडीत ती बरीच सुधारली. जिना चढताना मध्ये थांबेनाशी झाली. शेजारच्या बायका पेटी बघायला यायच्या, भावाने दोघींना करूनही दिली. त्याच्या आयटीआयच्या प्राचार्यांनी त्याला पेटंटचं सुचवलं आणि एका वकिलाशी गाठ घालून दिली. अर्जासोबत चित्रं लागतात. भावाने पेटी काढली, पट्टा काढला, प्रत्येक भागाला आकडा दिला, आणि मशीनपुढे बसलेली एक बाई काढली. नुसती रेघांची.

आईने विचारलं, "ही कोण?"

"तूच की. वापरणारी."

"मला नाक न्हाय काढलं?"

"पेटंटमध्ये नाक लागत नाही आई."

"नाकासाठीच तर केलंस ना सगळं," ती म्हणाली. भावाने हसून नाक काढलं. वकिलाने ते खोडायला लावलं.

पेटंटला वर्षं जातात, हे आम्हाला तेव्हा कळलं. अर्ज, मग हरकती, मग हरकतींना उत्तरं. तेवढ्यात आमच्या गल्लीतले लूम बदलले. जुने विकले गेले, काही भंगारात गेले, आणि शेठ लोकांनी बिनधोट्याचे लूम आणले. धोटा नाही तर कांडी नाही. कांड्यांचा माल आणून देणारा माणूस एके दिवशी आला आणि दारातच म्हणाला, "अम्मा, अब माल नहीं आएगा." आईने त्याला चहा दिला. तो गेल्यावर मशीनवर जुनं लुगडं टाकलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

काम गेलं, पण छातीत साचलेलं कुठे जाणार. पुढे माझ्याच वॉर्डात, मी ड्युटीवर असताना ती गेली. पेटंट मंजूर झाल्याचं त्यानंतर कळलं. ज्या कामासाठी पेटी होती ते काम आमच्या भागात उरलं नव्हतं, आणि जिच्यासाठी होती ती नव्हती. भावाला आयटीआयमध्ये शाल-श्रीफळ दिलं. तो घरी आला, शाल घडी करून ठेवली आणि म्हणाला, "ताई, भाजी काय करायची?"

मला वाटलं होतं, हे इथेच संपेल.

रुईच्या त्या घोंगड्या त्याने टाकल्या नव्हत्या. मोटरच्या तेलाचा डबा एकदा त्यांच्यावर लवंडला, आणि त्याच्या लक्षात आलं की ही रुई तेल धरते आणि पाणी सोडते. मग त्याने शेडमधून झाडून टाकलेली रुई गोळा करायला सुरुवात केली. ती दाबून, जाळीत भरून लांब लांब पिशव्या शिवल्या, लोडासारख्या. त्या नाल्यात आडव्या बांधायच्या. पाणी खालून जातं, वरचं तेल अडतं.

अंजूरला एक शेतकरी होते, वयाने आमच्या आईएवढे. गोडाऊनचे ट्रक धुतलेलं तेलकट पाणी नाल्यातून त्यांच्या भातशेताच्या कडेने खाडीत जायचं. त्यांच्या आजूबाजूच्या सगळ्यांनी जमिनी गोडाऊनला दिल्या होत्या. त्यांनी दिली नव्हती. भाऊ त्यांच्याकडे गेला तेव्हा मीही सुट्टी काढून सोबत गेले होते. ते बांधावर उभे राहून म्हणाले, "मास्तर, बांधा काय बांधायचं ते. माझं काय जातंय? पूर्वी हितं चिखलातली मासळी, निवट्या धरायचो आम्ही. आता हात घातला तर साबण लावून पण वास जात न्हाय."

भावाने नाल्यावर पिशव्या बांधल्या. पहिल्या काही आठवड्यांतच खालच्या अंगाला पाण्यावरची इंद्रधनुष्यासारखी साय दिसेनाशी झाली. एका रविवारी त्या काकांनी फोन केला आणि फक्त म्हणाले, "या. बघून जा." आम्ही गेलो. नाल्याच्या तळाचा गाळ दिसत होता. काकांनी एक खेकडा दाखवला, नखाएवढा. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत चवड्यांवर बसलो होतो. त्या दिवशी परत येताना रिक्षात भाऊ गाणं गुणगुणत होता. मी त्याला तसं पुन्हा ऐकलं नाही.

अडचण अशी होती की तेल पिऊन जड झालेल्या पिशव्या टाकायच्या कुठे? कचऱ्याच्या गाडीवाले हात लावेनात. ज्या कार्यालयात चौकशी केली तिथे सांगितलं, हा घातक कचरा आहे, परवानाधारक माणसाकडेच द्या. परवानाधारक माणूस म्हणाला, एवढ्याशा मालासाठी गाडी येत नाही. भाऊ अर्ज करत राहिला. पिशव्या काकांच्या बांधावर ताडपत्रीखाली साठत राहिल्या. याच काळात दुसऱ्या पेटंटचा अर्जही पुढे सरकत होता.

पावसाळ्यात मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच दिवशी आले. खाडीचं पाणी नाल्यातून उलटं वर चढलं आणि बांध बुडाला. पाणी उतरल्यावर आम्ही पोचलो तर पिशव्या फाटून भाताच्या शेतभर पसरल्या होत्या. महिनोन्‌महिने अडवून ठेवलेलं तेल एकाच दिवसात त्यांच्या खाचरात उतरलं होतं. रोपं काळी पडून आडवी झाली होती. नाला तसाच वाहत राहिला असता तर एवढं तेल त्या शेतात कधीच आलं नसतं.

भाऊ गुडघाभर चिखलात उतरून हाताने पिशव्या गोळा करायला लागला. मीही उतरले. काका बांधावर उभे होते. भाऊ त्यांच्याकडे बघू शकत नव्हता.

"काका, माझ्यामुळे झालं हे."

"भरतीमुळं झालं," ते म्हणाले. "तू काय भरती आणलीस? वर ये. पायाला जखम हाय तुझ्या."

ते एवढंच बोलले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिवाळीनंतर त्यांनी जमीन गोडाऊनला दिली. आम्हाला त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या सुनेकडून कळलं. आता तिथे भराव घालून निळ्या पत्र्याचं गोडाऊन उभं आहे, आणि नाला सिमेंटच्या पाईपातून जातो. दुसरं पेटंट मिळालं. वकिलाने अभिनंदनाचा फोन केला तेव्हा भाऊ नुसतं "हो, हो" म्हणत होता.

यानंतर दोन-तीन वर्षं त्याने काही केलं नाही. शिकवायचा, घरी यायचा. लग्न त्याने केलं नव्हतं, मी विधवा होऊन माहेरीच राहत होते, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मग त्याला धाप लागायला लागली. एवढी वर्षं रुईत हात घालून बसला होता, नाकाला रुमालसुद्धा न बांधता. डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा औषधाचा पंप दिला.

पंप घेणं सोपं नसतं. दाबायचं आणि श्वास ओढायचा, दोन्ही एकाच क्षणी जमावं लागतं, नाहीतर औषध घशातच राहतं. मधे एक नळी लावली की सोपं जातं, पण ती नळी बाटलीएवढी मोठी. लूमवर काम करणारी माणसं ती खिशात घालून नेणार कशी, आणि चारचौघांत काढणार कशी? मी हे वॉर्डात रोज बघत होते आणि घरी येऊन भावाला सांगायचे. त्याने घडी होणारी नळी केली. शर्टाच्या खिशात बसेल अशी, आणि श्वास नीट ओढला गेला की आत पातळ पडदा टिक करून वाजायचा. आमच्या डॉक्टरांना ती फार आवडली. त्यांनी रीतसर परवानगी काढून काही रुग्णांना वापरायला दिली. माणसं टिक आवाजाची वाट बघत श्वास ओढायची आणि तो आला की हसायची.

तिसरं पेटंट लवकर मिळालं. एका औषध कंपनीची माणसं घरी आली, आमच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. त्यांच्यातला एक म्हणाला, "सर, तुमची नळी देशभर जाईल. आम्हाला पूर्ण हक्क द्या." भावाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दे. देशभर जाणार असेल तर आपण कुठे पुरे पडणार? त्याने सही केली.

नळी आली नाही. भाऊ फोन करायचा, दर वेळी नवीन माणूस बोलायचा. शेवटी एका मुलीने नीट उत्तर दिलं. "सर, आमची दुसरी नळी बाजारात आहे ना, त्यामुळे तुमची सध्या योजनेत बसत नाही. पण हक्क आमच्याकडेच राहतील." म्हणजे कंपनी ती करणार नव्हती आणि भावालाही करता येणार नव्हती. वॉर्डातल्या नळ्यांचे पडदे एकेक करून फाटले. नवीन आणायच्या कुठून?

बिहारहून आलेला एक लूम कामगार एकदा विचारायला आला. "सिस्टर, वो टिक वाली नली मिलेगी?"

मी त्याला नाही म्हटलं. मग पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली घेतली, तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं आणि तीच नळी म्हणून लावून दिली. खेड्यापाड्यातल्या दवाखान्यांत हे असं करतात. घरी येऊन भावालाही तशीच एक करून दिली. त्याने पंप लावला, श्वास ओढला, रोखून धरला, हळूच सोडला.

"हेही चालतं की," तो म्हणाला.

त्याने बाटली हातात फिरवून बघितली, भोकाच्या कडा बोटाने चाचपल्या आणि ती खिडकीत ठेवून दिली.

पहिल्या दोन पेटंटांची फी आम्ही भरणं सोडलं आहे. त्यामुळे त्या वस्तू आता कोणीही करू शकतं. कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

भावाने मुदतीआधीच नोकरी सोडली. आम्ही आता दिघाशीला घर दुरुस्त करून राहतो, इथली हवा बरी आहे. निदान अजून तरी. रस्त्याच्या पलीकडे मोजणीवाले खुंट्या ठोकून गेलेत. भाऊ अंगणात खुर्ची टाकून बसतो. चार पावलं चालला की थांबतो, अगदी आई थांबायची तसा कमरेवर हात ठेवून. एकदा मी विचारलं, "काही नवीन डोक्यात आहे का रे?"

"न्हाय ताई," तो म्हणाला. "आता काय सुचत न्हाय." आईसारखं "न्हाय" तो पूर्वी कधी म्हणत नसे. मला आधी बरं वाटलं, की सुटलो. मग दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही.

गेल्या आठवड्यात मोरीतला नळ गळायला लागला. साधा वायसर बदलायचा होता, त्याचा हत्यारांचा डबा दाराशीच असतो. मी भाजी घेऊन आले तर त्याने नळाखाली पातेलं ठेवलं होतं आणि तो परत अंगणात जाऊन बसला होता. पातेलं भरत आलं होतं. मी ते रिकामं केलं आणि प्लंबरला फोन लावला.